मेरिटचा कारखाना आणि आपण

खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय निघाला की समोरून एक वाक्य हमखास येते. "सरकारी कचेऱ्या तुम्हाला घ्या, पण आयटीला हात लावू नका. आयटी मेरिटवर उभी आहे." हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या ठसक्यात बोलले गेले आहे की आपल्यातल्या पुष्कळ तरुणांनाही ते खरे वाटू लागले आहे. वादात आपण लगेच संविधानाची कलमे काढतो, मंडल आयोग काढतो. पण समोरच्याच्या मूळ विधानाला कोणी हात घालत नाही. आयटी कंपनी खरोखर कशावर उभी राहिली, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

आम्ही तो विचारायचे ठरवले. आम्ही म्हणजे मराठवाडा आणि विदर्भातून पुण्यात आलेले, आपापल्या घरातले पहिले इंजिनियर असलेले सात-आठ जण. कोणाचे वडील वीटभट्टीवर होते, कोणाचे नगरपालिकेच्या सफाई खात्यात, कोणाची आई अंगणवाडीत मदतनीस. आठवडाभर हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे नोकरी करतो आणि रविवारी विहाराच्या सभागृहात मुलांची अॅप्टिट्यूड आणि इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो. मुलांचे प्रश्न दोनच असतात. पॅकेज किती? आणि आत शिरायचे कसे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्या घरात शिरायचे त्याचा पाया कोणी घातला, त्यात विटा कोणाच्या लागल्या आणि कोणती खोली कोणासाठी राखली आहे, हे माहीत नसलेला माणूस त्या घरात कायम पाहुणाच राहतो. म्हणून देशातली सर्वात मोठी सॉफ्टवेअर कंपनी, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएस, हिचा जन्म, वाढ आणि रचना आम्ही नीट वाचून काढली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

पंच कार्डापासून सुरुवात

टीसीएसची स्थापना १९६८ सालची. कोणा गरीब हुशार मुलाने गॅरेजमध्ये काढलेली ही कंपनी नाही. टाटा सन्स या देशातल्या बड्या उद्योग घराण्याचा तो एक विभाग होता. पहिली कामेही घरचीच. टाटांच्याच पोलाद कंपनीसाठी पंच कार्डांची सेवा, मग सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांमधले हिशेब जुळवण्याची यंत्रणा आणि युनिट ट्रस्टसाठी माहिती प्रक्रियेचे काम. म्हणजे भांडवल घराण्याचे, पहिले गिऱ्हाईक घराण्याचे आणि पुढची दोन गिऱ्हाइके सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था.

१९६९ साली टाटांच्याच वीज कंपनीतून फकीरचंद कोहली इथे आले आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी कंपनी चालवली. पेशावरला जन्मलेले, अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले कोहली हे कर्तबगार गृहस्थ होते, यात आम्हाला शंका नाही. त्या काळात संगणक आयात करायचा तर परकीय चलन लागे आणि सरकार ते सहज देत नसे. संगणक आणा, पण त्या बदल्यात परदेशी चलन मिळवून द्या, अशी अट. ही अट निर्यातीच्या धंद्याची आई ठरली. अमेरिकेतल्या बरोज कंपनीचा संगणक आला आणि १९७४ साली एका प्रकारच्या बरोज यंत्रावरची रुग्णालयाची प्रणाली दुसऱ्या प्रकारच्या बरोज यंत्रावर नेण्याचे काम भारतात बसून केले गेले. काम इथे, गिऱ्हाईक तिथे. आज ज्याला ऑफशोअर म्हणतात त्याचे बीज हेच. १९७९ साली न्यूयॉर्कला कार्यालय उघडले, १९८१ साली पुण्यात संशोधन केंद्र सुरू झाले.

आता यात सरकार कुठे कुठे आहे ते पाहा. परकीय चलनाच्या कायद्यापुढे न झुकता आयबीएम १९७८ साली भारतातून निघून गेली आणि देशी कंपन्यांना मैदान मोकळे मिळाले. १९८४ साली राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण आणले. १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना आली. तिने उपग्रहावरून जोडणी दिली, आयात शुल्कात सवलत दिली. आयकर कायद्याच्या कलम १० अ खाली सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावरची करमाफी २०११ च्या मार्चपर्यंत चालली. आणि या सर्वांच्या मुळाशी होते जनतेच्या पैशावर चालणाऱ्या आयआयटी, प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये आणि विद्यापीठांतून बाहेर पडणारे तयार पदवीधर. ते शिक्षण ज्या कररूपी पैशातून दिले गेले त्यात काडेपेटीवर आपल्या आजीने भरलेला पैसाही होता.

मग विचारायला नको का? करमाफी घेताना, जमीन घेताना, सरकारी कॉलेजांतली मुले घेताना ज्यांना सरकार चालते, त्यांना सामाजिक न्यायाचा विषय निघताच सरकार 'हस्तक्षेप' का वाटू लागते?

मेरिट सापडत नाही, तयार केले जाते

पण ही गोष्ट फक्त सवलतींची नाही. सवलती इतरही धंद्यांना मिळाल्या आणि ते बुडाले. टीसीएसचे खरे यश दुसरीकडे आहे, आणि ते आपण समजून घेतलेच पाहिजे.

सॉफ्टवेअर लिहिणे हे सुरुवातीला थोड्या निवडक माणसांचे काम मानले जाई. या कंपनीने आणि तिच्या मागोमाग इन्फोसिस, विप्रो यांनी त्या कामाचे तुकडे पाडले. एकाने गरज लिहून घ्यायची, दुसऱ्याने आराखडा करायचा, तिसऱ्याने कोड लिहायचा, चौथ्याने तपासायचा, पाचव्याने रात्रपाळीत तो चालू ठेवायचा. प्रत्येक पायरीची नोंद ठेवायची, प्रत्येक चुकीची मोजणी करायची. त्यामुळे माणूस बदलला तरी काम अडत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेचे संकट आले. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोन आकड्यांत लिहिलेले असे, त्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रे गोंधळणार होती. अक्षरशः लाखो ओळी वाचून दुरुस्त करायच्या होत्या. टीसीएसने त्यासाठी चेन्नईत स्वतंत्र व्यवस्था उभारली आणि तिला नावही कारखान्याचेच दिले गेले. ते नाव अगदी योग्य होते.

आणि कारखान्याला लागणारे कामगार? ते घडवले गेले. थिरुवनंतपुरमच्या प्रशिक्षण केंद्रात मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कुठल्याही शाखेचा पदवीधर यायचा आणि काही महिन्यांत प्रोग्रॅमर होऊन बाहेर पडायचा. पुढे 'इग्नाइट' नावाच्या कार्यक्रमात तर इंजिनियरही नसलेल्या विज्ञान पदवीधरांना घेऊन तयार केले गेले. बोलायचे कसे, ईमेल लिहायचा कसा, परदेशी गिऱ्हाइकापुढे बसायचे कसे, हेही शिकवले गेले.

मित्रहो, इथे थांबून विचार करा. ज्या उद्योगाच्या नावाने आपल्याला मेरिट ऐकवले जाते, त्याच उद्योगाने सिद्ध केले आहे की साधारण पदवीधराला योग्य प्रशिक्षण, पगार आणि वेळ दिला तर तो जगाच्या बँका आणि विमानकंपन्या चालवू शकतो. मेरिट ही कोणाच्या रक्तातून येणारी वस्तू नाही, ती संस्थेने घडवायची गोष्ट आहे, हे आपण सांगत आलो. त्याचा भलामोठा पुरावा या कंपन्यांनीच उभा केला. मार्कांचा कटऑफ थोडा खाली आला तर पूल कोसळतील, विमाने पडतील, असे म्हणणाऱ्यांना हा पुरावा दाखवा. सिव्हिलच्या मुलाला तीन महिन्यांत कोबोल शिकवता येते, तर आंबेजोगाईच्या मुलीला तीन महिन्यांत सफाईदार इंग्रजी का शिकवता येणार नाही?

मनोरा कसा रचला आहे

आता रचना बघू. सॉफ्टवेअर सेवा कंपनीचा नफा एका आकृतीत बसतो. खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा मनोरा. तळाला नवे पदवीधर, त्यांच्यावर तीन-चार वर्षांचे अनुभवी, मग टीम लीड, प्रोजेक्ट मॅनेजर, डिलिव्हरी हेड. गिऱ्हाईक पैसे देते ते बहुधा माणसाच्या तासाप्रमाणे किंवा ठरलेल्या कामाप्रमाणे. तळ जितका रुंद आणि स्वस्त, तितका नफा जास्त. म्हणून दरवर्षी हजारो नवी मुले भरावी लागतात. म्हणूनच नव्या मुलाचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कैक वर्षे जागचा हलला नाही. त्या काळात पुण्यात खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि बसचे तिकीट कुठल्या कुठे गेले.

माणूस गिऱ्हाइकाच्या कामावर असेल तर तो 'बिलेबल'. नसेल तर 'बेंच'वर. बेंच म्हणजे पगार चालू, पण डोक्यावर टांगती तलवार. जून २०२५ मध्ये टीसीएसने नवे धोरण आणले. वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असले पाहिजे आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांच्या वर जाता कामा नये. म्हणजे सहा लाखांच्या घरातल्या माणसांपैकी प्रत्येकाचा एकेक दिवस मोजण्याची यंत्रणा कंपनीजवळ आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनी वाढली तशी ही रचना एका माणसाच्या हातात मावेनाशी झाली. कोहलींनंतर १९९६ साली रामदोराई आले. त्यांच्या काळात, २००४ साली, कंपनीचे शेअर बाजारात आले. २००९ साली चंद्रशेखरन आले आणि त्यांच्या काळात कंपनी २३ वेगवेगळ्या घटकांत विभागली गेली. बँकिंगचा घटक वेगळा, विम्याचा वेगळा, किरकोळ व्यापाराचा वेगळा. प्रत्येकाचा प्रमुख वेगळा आणि नफ्या-तोट्याचा जाब त्याच्याकडून. मोठ्या कंपनीच्या पोटात लहान लहान कंपन्या. त्यामुळे वाढ खुंटली नाही. २०१८ साली बाजारमूल्य १०० अब्ज डॉलरपलीकडे गेले, २०२२ साली कर्मचारी ६ लाखांवर गेले, २०२४-२५ साली महसूल ३० अब्ज डॉलरच्या वर पोहोचला. कर्मचारीसंख्येने ही कंपनी आज भारतीय रेल्वेच्या जवळजवळ निम्मी आहे. आणि तिची सत्तर टक्क्यांहून अधिक मालकी अजूनही टाटा सन्सकडेच आहे.

या विभागणीचा आपल्यासाठी अर्थ काय? अर्थ असा की एवढ्या मोठ्या उद्योगात तुमचे भवितव्य वरचा सीईओ ठरवत नाही. ते ठरवतो तुमच्या वरचा आणि त्याच्या वरचा, असे दोन माणसे. कोणत्या प्रोजेक्टवर टाकायचे, कोणाला गिऱ्हाइकाशी बोलू द्यायचे, कोणाला ऑनसाइट पाठवायचे, वर्षाअखेरीस कोणाला कोणती रेटिंग द्यायची. नियम कागदावर सर्वांना सारखे, पण निर्णय त्या दोन माणसांच्या नजरेत. सॉफ्टवेअर उद्योगात जात कुठे आहे असे विचारणाऱ्यांनी भरतीच्या जाहिरातीत शोधू नये. या नजरेत शोधावे.

आजचा धोटा कोणता?

ही गोष्ट कळायला आपल्याला मुंबईच्या गिरणीत जावे लागेल. गिरणीत आपला समाज मोठ्या संख्येने होता, पण विणकाम खात्यात त्याला मज्जाव होता, आणि जास्त पगार तर त्याच खात्यात. कारण काय दिले जाई? धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर आपले तोंड कसे लावणार? झाले. एका छोट्याशा धोट्याच्या आधाराने हजारो माणसांना चांगल्या पगारापासून दूर ठेवले गेले. गिरणीचा मालक म्हणे, आमचा नियम तसा नाही. कामगारच ऐकत नाहीत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला, तेव्हा कुठे नाइलाजाने त्याला मागण्यांत जागा मिळाली.

गिरणी आधुनिक होती. यंत्रे मँचेस्टरची होती. वाफेवर, विजेवर चालत होती. पण जात यंत्राला घाबरून पळाली नाही. तिने यंत्रातला एक भाग निवडला आणि त्यावर जाऊन बसली. टाटा घराण्याचा उद्योगही गिरणीतूनच वाढला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. त्या गिरण्यांपासून सॉफ्टवेअरपर्यंतचा प्रवास दीडशे वर्षांचा आहे. यंत्र बदलले. मग धोटा कुठे गेला?

आम्हाला तो वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळ्या रूपांत भेटला. आमच्यातल्या एकाला इंटरव्ह्यूमध्ये तांत्रिक प्रश्न संपल्यावर विचारले गेले, "हे आडनाव म्हणजे नेमके कुठले?" गावाचे नाव सांगितल्यावर समोरच्याचे समाधान झाले नाही, कारण त्याला गाव हवेच नव्हते. एकीला दोन वर्षे सपोर्टच्या रात्रपाळीत ठेवले, डेव्हलपमेंटचे काम मागितले की उत्तर, "तुझे कम्युनिकेशन अजून तयार नाही." तिच्याच टीममधला, तिच्याइतकेच अडखळत इंग्रजी बोलणारा मुलगा चार महिन्यांत गिऱ्हाइकाच्या कॉलवर बसला. एकाने एप्रिलमध्ये १४ तारखेची रजा मागितली तर मॅनेजर हसून म्हणाला, "अच्छा, म्हणजे तू पण?" त्या 'तू पण'मध्ये सगळे आले. त्या वर्षाची रेटिंग खाली आली. ती त्या रजेमुळे आली असे आम्ही सिद्ध करू शकत नाही. आणि नेमकी हीच या व्यवस्थेची खुबी आहे. इथे कोणी तुम्हाला दारात अडवत नाही, त्यामुळे तक्रार कशाची करायची तेच कळत नाही.

हे फक्त आमचे अनुभव म्हणून सोडून देऊ नका. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले; फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या अर्जाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची तर त्याहून कमी. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीवर जातिभेदाच्या आरोपावरून खटला भरला. पुढे त्यातल्या दोन व्यवस्थापकांवरचा दावा मागे घेतला गेला, पण त्या खटल्याने जात नावाचा शब्द सिलिकॉन व्हॅलीच्या कागदोपत्री आणला. २०२३ साली सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. सात समुद्रापलीकडच्या नगरपालिकेला जे दिसले ते हिंजवडीच्या फेज वनपासून फेज थ्रीपर्यंत कोणालाच दिसत नाही, याला काय म्हणावे?

दुसरी बाजूही खरी आहे

कोणी म्हणेल, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. म्हणून दुसरी बाजूही आम्हीच मांडतो, कारण ती खरी आहे.

या कंपन्यांनी आपल्या घरांत पहिल्यांदा पगाराची स्लिप आणली. तालुक्याच्या सावकाराकडे न जाता बहिणीचे लग्न झाले. गावात ज्या आडनावाला घर मिळत नव्हते त्याच आडनावाने पुण्यात फ्लॅटची नोंदणी झाली. गेटवरचे कार्ड स्वाइप करताना यंत्र जात विचारत नाही. टीसीएसमध्ये सुमारे ३५ टक्के स्त्रिया आहेत. जुन्या कारखानदारीत असे प्रमाण कोणी ऐकले होते? २०१८ पासून टीसीएसने राष्ट्रीय पात्रता चाचणी सुरू केली, त्यामुळे ज्या कॉलेजात कंपनीची गाडी कधी येत नसे तिथल्या मुलालाही परीक्षा देता येऊ लागली. आमच्या रविवारच्या वर्गातल्या मुलांना याच दारातून आत जाता आले. टाटा समूहाने अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतःचा सकारात्मक कृती कार्यक्रमही आखला. कोहलींनी निवृत्तीनंतर संगणकाच्या मदतीने प्रौढांना सुमारे ४० तासांत वाचायला शिकवण्याची योजना हाती घेतली, त्याचाही मान ठेवलाच पाहिजे.

पण हे सारे मान्य करूनही मूळ प्रश्न उरतोच. २००६ साली खासगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू असे सांगितले आणि आचारसंहिता लिहिली. स्वेच्छेने दिलेली गोष्ट ही भिक्षेसारखी असते. देणाऱ्याचा हात आखडला की संपली. हक्काचे तसे नसते.

मनोऱ्याच्या मधला मजला

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. कात्री मुख्यतः मधल्या आणि वरच्या मजल्यांवर. आपल्या मुलांनी हे नीट समजून घ्यावे. तळाची माणसे स्वस्त असतात, शिखरावरची ताकदवान असतात. मधला माणूस महाग असतो आणि एकटा असतो. आपली पहिली पिढी आता नेमकी त्याच मजल्यावर येऊन उभी आहे. वय चाळीशीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यावर घराचे कर्ज, धाकट्या भावाची फी, गावाकडे आईचे औषध. ज्याच्या मागे तीन पिढ्यांची शेती आणि शहरात वडिलोपार्जित घर आहे त्याची नोकरी गेली तर त्याचे वर्ष वाईट जाते. आपली गेली तर एक पिढी मागे जाते. कपात सर्वांना सारखी असते, पण पडण्याची उंची सारखी नसते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? कामगारविषयक कायद्यातली 'कामगार' ही व्याख्या व्यवस्थापकाला वगळते. म्हणून आपल्याला साहेबासारखी पदनामे मिळतात. कन्सल्टंट, असोसिएट, लीड. पदनाम ऐकून घरचे खूश होतात आणि आपणही स्वतःला कामगार म्हणायला लाजतो. राजीनामा दे म्हटले की मुकाट्याने देतो. २०२३ साली इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना आठवले की आठवडा ४८ तासांवर आणणारी १९४६ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती ज्या मजूर खात्यात तयार झाली त्या खात्याचे मंत्री बाबासाहेब होते? १९४३ साली मालकांनी कामगार संघटनांना मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयकही त्यांनीच मांडले. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू दाखवले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर रोज बोलतो. दुसरा दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात पैसे टाकतो म्हणून त्याच्याविषयी गप्प बसतो.

मग करायचे काय?

नोकरी सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. शिरा. जितके शिरता येईल तितके शिरा. पण डोळे उघडे ठेवून, आणि एकेकटे नको.

पहिली मागणी मोजणीची. जी कंपनी प्रत्येक माणसाचे २२५ दिवस मोजू शकते, स्त्रियांची टक्केवारी वार्षिक अहवालात छापू शकते, तिला कोणत्या मजल्यावर कोणत्या समाजाचे किती लोक आहेत हे मोजता येणार नाही, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. रेल्वेला, बँकांना ही माहिती ठेवावी लागते. करमाफी आणि सवलतीच्या जमिनी घेऊन वाढलेल्या कंपन्यांनाही ती जाहीर करणे बंधनकारक करा. आरक्षणाचा वाद नंतर घालू. आधी आकडे टेबलावर ठेवा. आकडे नसतील तोवर 'आमच्याकडे जात नाही' हे फक्त बोलणे आहे.

दुसरी मागणी तक्रारीच्या जागेची. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती आली. आधी कंपन्या म्हणत, आमच्याकडे असे काही होत नाही. समिती आल्यावर तक्रारी आल्या. जातिभेदासाठीही अशी समिती हवी, बाहेरच्या सदस्यासह, आणि रेटिंग, प्रोजेक्ट वाटप, बढती हे तिच्या कक्षेत हवे.

तिसरे काम संघटनेचे. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२५ च्या कपातीविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. अशा संघटनांत आपण गेले पाहिजे आणि तिथे गेल्यावर १९२८ विसरता कामा नये. कामगारांच्या मागण्यांच्या यादीत धोट्याचा प्रश्न आपण ठेवला नाही तर दुसरे कोणी ठेवणार नाही.

चौथे काम आपल्या आपल्यात. प्रस्थापितांची पोरे घरच्या जेवणाच्या ताटावर शिकतात की बेंचवर गेल्यावर कोणाला फोन करायचा, अप्रेझलच्या आधी केलेल्या कामाची लेखी नोंद कशी ठेवायची, कोणते तंत्रज्ञान मरणार आहे आणि कोणते येणार आहे. आपल्या घरी हे सांगणारे कोणी नाही. म्हणून आधी आत गेलेल्या प्रत्येकाने मागून येणाऱ्या दोघांना हे सांगायचे. रेफरलची सोय आपल्याकडेही आहे. ती वापरायला संकोच कसला? आपला मुलगा परीक्षा देऊनच येणार आहे, आपण त्याला फक्त दाराचा पत्ता देतो आहोत.

विहारातल्या वर्गात आम्ही आता अॅप्टिट्यूडबरोबर एक तास जादा घेतो. त्यात ऑफर लेटर वाचायला शिकवतो. नोटीस पीरियड किती, बाँड आहे का, बदली कुठेही होऊ शकते असे कुठल्या कलमात लिहिले आहे, राजीनामा मागितला तर काय लिहून द्यायचे आणि काय नाही. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत असा एक तास सुरू करता येईल. त्याला देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही. आत गेलेला एक माणूस आणि बाहेर उभी असलेली पाच मुले एवढे पुरेसे आहे.